बोर्दिगेरा (मोनेचं चित्र)

बोर्दिगेरा हे फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेनं १८८४ मध्ये काढलेलं तैलचित्र, आकार साधारण ६५ × ८१ सेंमी. गाव इटलीतलं, लिगुरियाच्या किनाऱ्यावर, फ्रान्सच्या हद्दीपासून जवळच. चित्रात पुढे पाइनची वाकडीतिकडी खोडं, त्यांच्या मधून खाली उन्हात तापलेली जुन्या गावाची घरं आणि मागे समुद्र.

डिसेंबर १८८३ मध्ये मोने आपला चित्रकार मित्र रेन्वार याच्याबरोबर हा किनारा बघून आला होता, पण जानेवारीत परत निघाला तो एकटाच, आणि ही गोष्ट रेन्वारला कळू देऊ नका असं त्यानं आपले चित्रविक्रेते द्युराँ-र्‍युएल यांना पत्रातून कळवलं. जोडीनं काम जमत नाही हेच त्यामागचं कारण. तीनेक आठवडे राहायचं ठरवून गेला आणि एप्रिलपर्यंत तिथेच रमला. ताडामाडांची झाडं रंगवताना त्याला फार त्रास झाला, आणि इथला गुलाबी-निळा प्रकाश उत्तरेकडच्या रंगांनी पकडता येत नाही अशी तक्रार त्याच्या पत्रांत सारखी येते.

चित्र नेमकं कुठून काढलं यावर एकमत नाही, गावामागच्या मोस्ताच्चिनी टेकडीवरून असावं असं बरेच जण म्हणतात आणि घरांकडे वरून पाहिल्यासारखी मांडणी बघता ते पटतं. त्याहून मोठा वाद म्हणजे ते पूर्णपणे उघड्यावर रंगवलं का. मोनेची ख्याती जागेवर बसून रंगवणारा अशीच, पण या सफरीतले कॅनव्हास त्यानं पुढे फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावी, आपल्या घरी, पुन्हा हातात घेतले हेही खरं, आणि बोर्दिगेराच्या व्हिलांचं मोठं चित्र (आता पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये) तर जिव्हर्नीच्या स्टुडिओतच, चित्रकार बेर्त मोरिझोच्या दिवाणखान्यासाठी झालं. त्यामुळे प्रस्तुत चित्राची सुरुवात जागेवर आणि शेवटचे हात घरी, हे मत जास्त सावध वाटतं. रंगकामात सावलीला काळा जवळजवळ नाहीच, निळा-जांभळाच आहे, आणि खोडांवरचे तुटक फटकारे जवळून पाहिले तर नुसती रंगांची जाळी दिसते, दोन पावलं मागे गेलं की झाड उभं राहतं.

चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, १९२२ साली पॉटर पामर संग्रहातून आलेलं.