इडलीचं पीठ सिंकमध्ये गेलं असेल, तर गरम पाणी ओतू नका

आमच्या प्लंबिंगच्या सर्व ग्राहकांना नमस्कार.

गणपती तोंडावर आलेत. त्याआधी हे पत्रक घरोघरी पोहोचवायचं ठरवलं, कारण गणपती आणि दिवाळी या दोन सणांत आमचे फोन सर्वांत जास्त वाजतात. स्वयंपाकघराचं सिंक चोकअप झालं म्हणून येणाऱ्या बहुतेक फोनची सुरुवात एकाच वाक्याने होते: "अहो, गरम पाणी ओतून बघितलं, तरी उतरत नाहीये." आंबून गेलेलं इडलीचं पीठ, भज्यांचं उरलेलं बेसन, उपवासाचा भिजवलेला साबुदाणा, मोदकांच्या उकडीचं पातेलं, यांतलं काहीतरी आधी आत गेलेलं असतं. पाणी थोडं हळू उतरतंय असं दिसलं की कोणीतरी किटलीभर उकळतं पाणी ओततं. तिथून पुढे काम पाच मिनिटांचं न राहता दोन तासांचं होतं.

सुती साडीला खळ कशी करायची ते घरातल्या आजींना विचारा. मैदा किंवा तांदळाचं पीठ थंड पाण्यात कालवायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. बराच वेळ ते पातळ दुधासारखंच राहतं. मग एकाएकी दाट होतं, चकाकतं आणि चमच्याला धरून बसतं. आकाशकंदिलाचे कागद याच खळीने चिकटवायचे. तांदूळ, उडीद, बेसन, साबुदाणा या सगळ्यांत स्टार्च आहे. थंड पाण्यात तो विरघळत नाही, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा तळाशी बसतो आणि सुटा राहतो. पाणी साधारण ६० ते ७५ अंशांच्या पुढे तापलं की त्याचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि खळ तयार होते. पीठ गेलेल्या पाईपमध्ये उकळतं पाणी ओतणं म्हणजे पाईपच्या आतच खळ शिजवणं.

सिंकखालचा पाईप जेमतेम सव्वा ते दीड इंची असतो. त्याच्या सुरुवातीला ट्रॅप असतो. वास आणि झुरळं वर येऊ नयेत म्हणून त्यात कायम थोडं पाणी साठून राहतं. पीठ पाण्यापेक्षा जड, म्हणून ते आधी तिथेच बसतं. तिथे असेपर्यंत ते काढणं सोपं. गरम पाण्याने ते अर्धवट शिजतं, पुढे सरकतं, पाणी वाटेत थंड होतं आणि ते भिंतीतल्या एल्बोवर, म्हणजे पाईपच्या वळणाच्या जोडावर, जाऊन घट्ट बसतं. शिवाय उकळत्या पाण्याने पीव्हीसी पाईप मऊ पडतो, रबरी वॉशर सैल होतात आणि गळती सुरू होते ती वेगळीच.

मागच्या गणपतीत चौथ्या मजल्यावरच्या एका घरी उकडीचं पातेलं गरम पाण्यात भिजवून ते पाणी तसंच सिंकमध्ये ओतलं होतं, आणि नंतर अजून दोन पातेली गरम पाणी. घरात पाहुणे, बाहेर आरती चाललेली. आम्ही पाईप सोडवला तेव्हा आतून वीतभर लांबीचा पांढरा तुकडा निघाला. खोडरबरासारखा, आणि एल्बोचं वळण जसंच्या तसं त्याच्यावर उमटलेलं. त्यात नारळाच्या चवाचे धागे अडकले होते. त्या तुकड्याच्या मध्ये पेन्सिल जाईल एवढीही वाट उरली नव्हती.

तेव्हा पीठ चुकून गेलंच, तर नळ बंद करा आणि सिंक वापरू नका. बऱ्याच घरी खाली बॉटल ट्रॅप असतो. त्याच्याखाली बादली ठेवून खालची वाटी हाताने फिरवली की ती सुटते. वाटीत साचलेलं पीठ बादलीत रिकामं करा, वाटी धुवा, वॉशर नीट बसवून परत फिरवा. पान्ह्याने आवळू नका, प्लास्टिकचा आटा तुटतो. ते जमत नसेल तर रबरी पंपाने दाबून बघा. सिंकला वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचं भोक असेल तर आधी त्यात ओला फडका कोंबा, नाहीतर पंपाचा सगळा जोर तिथून निघून जातो. पाणी वापरायचं ते थंडच.

मुळात हे पदार्थ टाकायचे कुठे, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात, आणि तो रास्त आहे. पातळ पीठ कचऱ्याच्या डब्यात ओतलं की खालून गळतं, कचरा नेणाराही कुरकुर करतो. सर्वांत सोपा उपाय तव्याचा. खराब झालेलं पीठ जुन्या तव्यावर जाड ओतून दोन्ही बाजूंनी भाजून घ्या. पाच मिनिटांत कोरडी चकती होते, गार झाली की ओल्या कचऱ्यात टाका. थोडा गॅस जातो, पण पाईप वाचतो. गॅस खर्च करायचा नसेल तर पीठ रात्रभर उंच भांड्यात न हलवता ठेवा. आंबलेलं पीठ चटकन निवळत नाही, म्हणून त्यात आधी दोन भांडी थंड पाणी घालून ढवळा. सकाळी वर आलेलं नितळ पाणी सिंकमध्ये सोडा. खालचा गाळ वर्तमानपत्रावर घ्या, त्यात भाज्यांची सालं आणि चहाचा चोथा मिसळा आणि पुडी बांधून हिरव्या डब्यात टाका. साबुदाण्याला मात्र नुसती गाळणी पुरते. पुरणाचा कट उरला तर तोही गाळूनच ओता. वर पाणी दिसतं, तळाशी डाळ असते.

रस्सा, कढी, आमटी यांतलं पाणी जायला हरकत नाही, फोडी आणि गाळ जायला आहे. जुनी गाळणी सिंकजवळ कायमची टांगून ठेवा. भांडी विसळण्याआधी नारळाच्या शेंडीने किंवा कागदाने पुसून घ्या. कामाला येणाऱ्या मावशींना हे एकदा शांतपणे दाखवून द्या. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं, आणि बोलणी मात्र त्यांनाच बसतात.

तेल आणि तूप यांचा प्रकार वेगळा, पण गरम पाण्याची चूक तीच. गरम पाण्याने तूप, वनस्पती तूप, मटणाची चरबी वितळून पुढे जाते आणि इमारतीच्या सामायिक पाईपमध्ये थिजते. तुमचं सिंक मोकळं झालेलं दिसतं, पण चार महिन्यांनी तळमजल्याच्या मोरीतून पाणी वर येतं. जुन्या इमारतींतल्या बिडाच्या पाईपची आतली बाजू खरखरीत असते, तिथे हे थर फार लवकर धरतात. तळणाचं तेल गार करून बाटलीत भरा. तव्यावरचं तेल कागदाने टिपून घ्या. ज्या सोसायट्या आवारात खत करतात त्यांनीही तेलकट पदार्थ खड्ड्यात टाकू नयेत, वास सुटतो आणि उंदीर येतात. पोळीभाजी केंद्र किंवा डबे चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांनी ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल-तूप अडवणारी पेटी, बसवून घ्यावाच. आम्ही जागा बघून माप सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.

संडासात ओतू का, असंही विचारतात. कृपया नको. तो पाईप चार इंची असला तरी तोही पुढे जाऊन इमारतीखालच्या त्याच सांडपाण्याच्या चेंबरला मिळतो, आणि पावसाळ्यात चेंबर भरलेलं असताना त्यात पिठाची भर पडली की संपूर्ण विंगची गैरसोय होते.

पाईप मोकळा करायच्या पावडरीबद्दल एकच कळकळीची विनंती. त्यात कॉस्टिक सोडा असतो. तुंबलेल्या पाण्यात तो तापतो, म्हणजे पुन्हा गरम पाण्याचीच गत. आणि पाईप नाहीच मोकळा झाला, तर ते जळजळीत पाणी आमच्या माणसाची वाट बघत तिथेच थांबतं. आमच्या एका मुलाचं मनगट असंच भाजलं, कारण घरच्यांनी पावडर टाकल्याचं सांगितलं नव्हतं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकापाठोपाठ एक तर कधीच टाकू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

म्हणूनच आम्ही आल्या आल्या पाईपला हात न लावता आधी विचारतो: काय ओतलं, कधी ओतलं, त्यावर काय टाकलं? काहींना ही उलटतपासणी वाटते. पण पीठ असेल तर आम्ही ट्रॅप उघडतो, तूप असेल तर पाईपमध्ये तार फिरवणारं स्प्रिंग मशीन लावतो, पावडर असेल तर हातमोजे घालून आधी ते पाणी उपसतो. उत्तर खरं मिळालं की तुमचा आणि आमचा तासभर वाचतो. काम पाच मिनिटांत झालं तरी व्हिजिटचे पैसे का, याचंही उत्तर देतो. काय उघडायचं आणि काय नाही हे ओळखायला आम्हाला बरीच वर्षं लागली आहेत, आणि आम्ही सरसकट भिंत फोडायला सांगत नाही. पंधरा दिवसांत तेच सिंक त्याच जागी पुन्हा तुंबलं, तर दुसऱ्या फेरीचे पैसे घेत नाही.

गणपतीआधीच्या दोन आठवड्यांत आम्ही ट्रॅप उघडून साफ करणं, वॉशर बदलणं आणि सिंकला बारीक छिद्रांची स्टीलची जाळी बसवणं एकाच फेरीत करून देतो. जाळी तुमच्या सिंकच्या मापाची आणतो. बाजारातली ढिली जाळी भांडी घासताना उचलली जाते आणि सगळं आत जातं. एका मजल्यावरच्या तीन-चार घरांनी मिळून सांगितलंत तर फेरीचा खर्च वाटला जाईल. सामायिक पाईप आणि खालचं चेंबर बघायचं असेल तर सेक्रेटरींची चिठ्ठी लागते, ती आधी घेऊन ठेवा. नंबर तुमच्या जुन्या बिलावर आहे. फोन सकाळी आठ ते रात्री नऊपर्यंत घेतो, गणपतीचे पाच दिवस रात्री अकरापर्यंत.