तोया सरोवर

जपानच्या होक्काइदो बेटाच्या नैर्ऋत्य भागातील कॅल्डेरा सरोवर. क्षेत्रफळ सुमारे ७१ चौ. किमी., कमाल खोली सुमारे १८० मी. सुमारे १,१०,००० वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकात शिलारस बाहेर पडून खालची पोकळी खचली आणि त्या खळग्यात पाणी साठले. पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून ८४ मी. उंचीवर असल्याने सर्वांत खोल तळ समुद्रपातळीच्याही खाली जातो. एवढ्या खोल पाण्यातली उन्हाळ्याची ऊब हिवाळ्यात संपत नाही, म्हणून सरोवर गोठत नाही आणि बोटी बाराही महिने चालतात. मधोमध असलेली नाकाजिमा बेटे नंतरच्या उद्रेकांतून वर आलेले लाव्हा घुमट आहेत. १९४९ पासून हा परिसर शिकोत्सु-तोया राष्ट्रीय उद्यानात मोडतो.

दक्षिण काठावर उसू हा जागृत ज्वालामुखी उभा आहे. १९१० च्या उद्रेकानंतर त्याच्या पायथ्याशी, सरोवराकाठी गरम पाणी सापडले आणि तोयाको ओन्सेन हे गाव वसले. हा संबंध ध्यानात ठेवूनच सहल आखावी: आधी उसू, मग बोट, शेवटी स्नान. बरेच जण दुपारी पोहोचतात, बोटीत बसतात, रात्री आतषबाजी पाहून सकाळी निघून जातात; इथली सर्वांत मोलाची गोष्ट त्यांची राहूनच जाते.

ती म्हणजे शोवा-शिन्झान. १९४३ च्या अखेरीस शेतजमीन फुगू लागली आणि १९४५ पर्यंत तिथे नवा डोंगर उभा राहिला. आजची उंची ३९८ मी. युद्धकाळ असल्याने ही बातमी दडवली गेली. स्थानिक पोस्टमास्तर मिमात्सु मासाओ यांनी मात्र नोंद सोडली नाही. हनुवटी ठेवण्याची जागा कायम केली, समोर आडवे दोरे ताणले आणि दोऱ्यांच्या आधाराने वाढत्या डोंगराची कडा वेळोवेळी कागदावर उतरवली. डोंगराच्या जन्माची इतकी सलग नोंद फार दुर्मीळ. ज्वालामुखीशास्त्रात ती ‘मिमात्सु आकृती’ म्हणून ओळखली जाते. पुढे त्यांनी ती जमीनच विकत घेतली. डोंगरावर चढायला बंदी आहे, पण पायथ्यावरून तांबूस भाजलेले खडक आणि वाफ स्पष्ट दिसते. तिथूनच उसूचा रोपवे सुटतो. वर जायला सुमारे ६ मिनिटे लागतात.

उसूच्या ३१ मार्च २००० च्या उद्रेकाच्या खुणा निशियामा आणि कोनपिरा या पायवाटांवर जपल्या आहेत: पायऱ्यांसारखा तुटलेला रस्ता, पाण्याखाली गेलेला महामार्गाचा तुकडा, चिखललोटात सापडलेली निवासी इमारत. उद्रेकापूर्वी भूकंपांची मालिका ओळखून हजारो रहिवाशांना आधीच हलवले होते, म्हणून एकही बळी गेला नाही. बर्फामुळे या वाटा हिवाळ्यात बंद असतात. चालायला चांगल्या पकडीचे बूट हवेत.

बोटीची फेरी सुमारे ५० मिनिटांची. उन्हाळ्यात साधारण दर अर्ध्या तासाला, हिवाळ्यात तासाला बोट सुटते. धक्का दक्षिणेला असल्याने जाताना समोर उत्तरेकडचा योतेई पर्वत (१,८९८ मी.) आणि परतताना उसू दिसतो; म्हणून फेरीत जागा बदलावी. योतेई दुपारी अनेकदा ढगात जातो, सकाळची फेरी बरी. एप्रिलअखेर ते ऑक्टोबर या काळात नाकाजिमांपैकी ओशिमा बेटावर उतरता येते. उतरण्यापूर्वी शेवटच्या बोटीची वेळ विचारून घ्यावी. बेटावर आणून सोडलेल्या मोजक्या हरणांचा कळप इतका वाढला, की त्यांचे तोंड पोहोचते तिथपर्यंतचा पाला जवळपास संपला आहे. जंगलाखालची जमीन त्यामुळे उघडी दिसते. वारा वाढला तर फेरी रद्द होते, आणि काठावर ऊन असले तरी डेकवर जॅकेट लागतेच.

२८ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर रोज रात्री २०:४५ ला सुमारे २० मिनिटे आतषबाजी होते. फटाके सरकत्या बोटीवरून उडवतात, त्यामुळे काठावरच्या जवळपास सर्वच हॉटेलांतून ती दिसते.

स्नानगृहात स्त्री-पुरुषांचे विभाग वेगळे असतात, पण अनेक हॉटेले रात्री विभागांची अदलाबदल करतात. दारावरच्या पडद्यावर कोणता विभाग लिहिला आहे ते दर वेळी वाचावे. पोहण्याचा पोशाख चालत नाही. आधी स्टुलावर बसून साबणाने अंग धुवावे, फेस पूर्ण निघाल्यावरच कुंडात उतरावे. केस वर बांधावेत. छोटा टॉवेल पाण्यात बुडवू नये. कुंडातले पाणी साधारण ४० ते ४२ अंश सेल्सियस असते, म्हणून पहिली डुबकी ३ ते ५ मिनिटांचीच ठेवावी. उष्णतेने रक्तवाहिन्या पसरून रक्तदाब उतरतो. झटकन उभे राहिल्यास भोवळ येते ती त्यामुळे. मद्य घेतल्यावर उतरू नये, आधी आणि नंतर पाणी प्यावे. गोंदण असल्यास काही ठिकाणी प्रवेश नाकारतात, आरक्षणापूर्वीच विचारावे. काठावरची पाय बुडवण्याची कुंडे मोफत आहेत. टॉवेल आपला न्यावा.

साप्पोरोहून ‘होकुतो’ एक्सप्रेसने तोया स्थानक सुमारे २ तास, तिथून बसने २० मिनिटे. बस रेल्वेच्या वेळेला जुळतेच असे नाही, परतीची वेळ उतरतानाच टिपून घ्यावी. शोवा-शिन्झानकडे मोजक्याच बस जातात. निघण्याआधी जपानच्या हवामान संस्थेने उसूसाठी जाहीर केलेला इशारास्तर पाहावा. तो वाढला, की विवरांजवळच्या वाटा सर्वांत आधी बंद होतात.