४ जूनचे पेढे, २३ नोव्हेंबरचे पेढे

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर २०२४ साली दोनदा पेढे वाटले गेले. पहिल्यांदा ४ जूनला, लोकसभेचा निकाल लागला तेव्हा. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७. अर्ध्या ग्रुपने दिवसभर पेढ्यांचे फोटो टाकले, उरलेल्या अर्ध्याने फोन उपडा करून ठेवला. साडेपाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, विधानसभेचा निकाल आला. २८८ पैकी महायुती दोनशे तीसच्या घरात, आघाडी पन्नाशीच्या आतबाहेर. पुन्हा पेढे. टाकणारे तेवढे बदलले होते.

संध्याकाळपर्यंत दोघं जण लेफ्ट झाले. आठवीत एका बाकावर बसणारे हे दोघं. एक मशालीचा, दुसरा धनुष्यबाणाचा. गंमत अशी की जून २०२२ पर्यंत दोघांचा पक्ष एकच होता आणि दसरा मेळाव्याला ते एकाच लोकलने शिवाजी पार्कला जायचे. पक्षाचे दोन तुकडे झाले, तेव्हा या दोघांना कोणी विचारलंही नव्हतं. तरी चीर थेट त्यांच्या बाकापर्यंत आली.

मत देणं हे काम एका मिनिटाचं. त्याचा निकाल लागल्यावर एवढं अंगाला का लागतं? २००८ साली, ओबामा आणि मॅकेन यांच्या लढतीच्या रात्री, अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १६३ मतदारांच्या लाळेचे नमुने घेतले. काही निकालाआधी, काही निकाल जाहीर झाल्यावर. त्यात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मोजलं. रात्र चढते तशी त्याची पातळी एरवी उतरत जाते. पण जिंकलेल्या उमेदवाराला मत दिलेल्या पुरुषांमध्ये ती टिकून राहिली आणि हरलेल्या बाजूच्या पुरुषांमध्ये झपकन खाली आली. स्त्रियांमध्ये असा फरक दिसला नाही. आखाड्यात स्वतः हरलेल्या मल्लाच्या शरीरात जे होऊ शकतं, ते इथे घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघणाऱ्याच्या शरीरात झालं. टेस्टोस्टेरॉनच्या नावावर आजकाल काहीही खपवतात, आणि हा अभ्यासही लहानच आहे, म्हणून त्यावर इमला बांधू नये. पण २३ नोव्हेंबरच्या रात्री 'लेफ्ट' दाबणारं बोट कुठल्या शरीराचं होतं, याचा थोडा अंदाज त्यातून येतो. त्या शरीराच्या लेखी हरला होता तो स्वतः, आणि पेढ्याचा फोटो टाकणारा त्याच्या छातीवर बसला होता.

मग माणसं काय करतात? बहुतेक जण भांडत नाहीत. लवकर उठून निघून जातात. हे मोजायची युक्ती कीथ चेन आणि राईन रोहला या दोन अर्थशास्त्रज्ञांना सुचली. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचं जेवण असतं. सगळं कुटुंब एका टेबलाशी, आपल्याकडे दिवाळीच्या फराळाला जमतं तसं. २०१६ साली ट्रम्प निवडून आले आणि दोनच आठवड्यांनी हा सण आला. या दोघांनी एक कोटीहून जास्त स्मार्टफोनच्या ठिकाणांची निनावी माहिती घेतली. पहाटे फोन जिथे असतो ते माणसाचं घर. त्या घराच्या मतदान केंद्रावर कोणत्या पक्षाला किती मतं पडली, त्यावरून माणसाचा कल. आणि दुपारी फोन जिथे गेला ते यजमानाचं घर. दोन्ही घरांचे कल जुळतात का, एवढंच पाहायचं. कोणालाही एक प्रश्न न विचारता उत्तर मिळालं. पाहुणा आणि यजमान वेगळ्या कलाच्या भागातले असले, की जेवण साधारण तीस ते पन्नास मिनिटांनी आखूड झालं. जिथे प्रचाराच्या जाहिरातींचा मारा जास्त झाला होता, तिथे ते आणखी आखूड. देशभराचा हिशोब केला तर एकमेकांशी न पटणाऱ्या माणसांनी सोबत घालवायचे सुमारे ३ कोटी ४० लाख तास त्या दिवशी बुडाले.

बुडालेल्या तासांत राजकारण किती बोललं गेलं असतं? थोडंच. बाकी कोणाचा गुडघा दुखतो, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, भाजीत मीठ कमी पडलं, हेच. एकमेकांबद्दलची कल्पना ताळ्यावर ठेवणारं बोलणं नेमकं हेच असतं, आणि पहिली कात्री लागते तीही त्यालाच.

आपल्याकडचं याच जातीचं दृश्य सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. बारामतीत दिवाळी पाडव्याला पवार कुटुंब गोविंदबागेत एकत्र लोकांना भेटायचं, ही वर्षानुवर्षांची रीत होती. लोकसभेला नणंद-भावजयीची लढत होऊन गेली होती, विधानसभेला काका-पुतण्याची ठरली होती. मतदानाला अठरा दिवस उरले असताना आलेला २०२४ चा पाडवा दोन ठिकाणी झाला: शरद पवारांचा गोविंदबागेत, अजित पवारांचा काटेवाडीत. त्यांचं एक वेळ समजू शकतं, राजकारण हाच त्या घरचा धंदा. आपला तो धंदा नसताना आपण पाडवे का वाटून घ्यायचे, हे मला कोडंच आहे.

कोड्याचं एक उत्तर जावयाच्या प्रश्नात सापडतं. 'तुमच्या मुलाचं किंवा मुलीचं लग्न दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी झालं तर तुम्हाला वाईट वाटेल का?' हा प्रश्न अमेरिकेत १९६० साली विचारला, तेव्हा शंभरातल्या जेमतेम पाच जणांनी हो म्हटलं. २०१० साली डेमोक्रॅट लोकांपैकी एक तृतीयांश आणि रिपब्लिकनांपैकी जवळजवळ निम्मे हो म्हणाले. हे आकडे अनेक लेखांतून फिरले आणि अमेरिका दुभंगली म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. २०१८ साली समारा क्लार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नात एक साधा बदल केला. काही लोकांना सांगितलं, हा होणारा जावई किंवा सून राजकारणावर सारखं बोलते. काहींना सांगितलं, क्वचितच बोलते. दुसऱ्या गटात नाराजी बरीच उतरली. म्हणजे नुसता प्रश्न ऐकून लोकांच्या डोळ्यांसमोर जो जावई उभा राहत होता, तो जेवणाच्या ताटावर भाषण ठोकणारा होता. विरोधी पक्षाचा जावई चालून जाईल, पण भाषणं ठोकणारा स्वपक्षाचाही नको, असा बऱ्याच सासऱ्यांचा कौल. माझ्या सासऱ्यांचाही असावा; मी त्यांच्यापुढे राजकारण काढत नाही.

डोळ्यांसमोर उभा राहणारा माणूस किती चुकीचा असू शकतो, हे डग्लस ॲहलर आणि गौरव सूद यांनी मोजलं. अमेरिकी लोकांना विचारलं, डेमोक्रॅट पक्षाच्या पाठीराख्यांत समलिंगी वगैरे लोक किती टक्के असतील? सरासरी उत्तर ३२, खरा आकडा ६ च्या आसपास. रिपब्लिकनांमध्ये वर्षाला अडीच लाख डॉलरपेक्षा जास्त कमावणारे किती? उत्तर ३८ टक्के, खरा आकडा २. भांडण शेजाऱ्याशी असतं, पण मनात त्या पक्षाचा टीव्हीवर सर्वांत जास्त ओरडणारा प्रवक्ता बसलेला असतो. आमच्या मशालवाल्याला धनुष्यबाणवाल्यात 'खोके' दिसत होते. दुसऱ्याला पहिल्यात 'गद्दार' दिसत होता. विचार सोडला तो तुम्हीच, असं त्याचं म्हणणं. प्रत्यक्षात एक जण बँकेत कारकून, दुसऱ्याचं झेरॉक्सचं दुकान. खोके दोघांनीही पाहिले असतील तर ए-फोर कागदाचे.

यात व्हॉट्सॲपचा हात आहेच, पण लोक म्हणतात तसा फक्त खोट्या बातम्यांमुळे नाही. जुलियाना श्रोडर, मायकल कार्डास आणि निकोलस एपली यांनी आपल्याशी न पटणारी राजकीय मतं काहींना वाचायला दिली आणि तीच मतं, तेच शब्द, काहींना बोलणाऱ्याच्या आवाजात ऐकवले. वाचणाऱ्यांना समोरचा माणूस बिनडोक, कोरडा वाटला. ऐकणाऱ्यांना तो तितका बिनडोक वाटला नाही. आवाजात थांबणं असतं, अडखळणं असतं, शब्द शोधणं असतं; त्यावरून कळतं की पलीकडे कोणीतरी विचार करतंय. ग्रुपवरच्या चार ओळींत हे सगळं गळून जातं. एकच वाक्य, 'तुझं डोकं फिरलंय', चहाच्या टपरीवर मायेचं असतं आणि स्क्रीनवर शिवी होते.

तर मग दोघांना समोरासमोर बसवून एकदाचं काय ते बोलून घ्या म्हणावं? हा सल्ला फार लोकप्रिय आहे आणि पुराव्यात फार टिकत नाही. एरिक सँटोरो आणि डेव्हिड ब्रुकमन यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात परस्परविरोधी पक्षांचे अनोळखी लोक व्हिडिओ कॉलवर जोडीने बसवले. काही जोड्यांना विषय दिला, तुमचा अगदी मनासारखा दिवस कसा असेल? समोरचा दुसऱ्या पक्षाचा आहे हे ठाऊक असूनही इथे एकमेकांबद्दलची आपुलकी चांगलीच वाढली. ज्यांना एकमेकांच्या पक्षात काय खटकतं यावर बोलायला लावलं, त्यांच्यात असं काही झालं नाही. वादावर चर्चा करून मनं जुळतील ही आशा फोल ठरली, मनासारख्या दिवसाच्या गप्पा कामी आल्या.

पण तीन महिन्यांनी पाहिलं तर वाढलेली आपुलकी बहुतेक विरून गेली होती. काही जणांनी याला अपयश म्हटलं. मला नाही तसं वाटत. अनोळखी माणसाशी एकदा मारलेल्या गप्पांचा असर तीन महिने टिकावा, अशी अपेक्षाच मुळात वेडी. जुने मित्र, चाळीतले शेजारी किंवा आठवड्याच्या भिशीतल्या बायका यांच्याकडे या प्रयोगात नसलेली गोष्ट असते: पुढच्या आठवड्याची भेट.

हे सगळं सरसकट लागू पडत नाही, हेही इथेच सांगायला हवं. वरचे बहुतेक प्रयोग अमेरिकेतले. तिथला मतदार सहसा एका पक्षाला धरून असतो. आपल्याकडे पक्षच रात्रीतून बाजू बदलतो. शिवाय बीडमध्ये २०२४ च्या लोकसभेला जी तेढ झाली, ती पक्षापेक्षा मराठा-ओबीसी आरक्षणाची होती. ज्याच्या मुलाच्या नोकरीचा किंवा गावातल्या मानाचा प्रश्न आहे, त्याला 'तुमचा मनासारखा दिवस कसा असेल' असं विचारणं म्हणजे चेष्टाच. आणि समोरचा आपल्या जातीला, धर्माला उघड शिव्या घालत असेल, तर मैत्री टिकवायचं ओझं ऐकून घेणाऱ्याने का वाहायचं? तिथे लेफ्ट होणं हाच शहाणपणा असू शकतो.

तरी जातीच्याच प्रश्नावर एक भारतीय प्रयोग आहे आणि तो माझा सगळ्यांत लाडका आहे. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने २०१७ साली उत्तर प्रदेशच्या ग्रामीण भागात क्रिकेटच्या आठ लीग भरवल्या. सुमारे साडेबाराशे तरुण होते. चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून कोणाला एकाच जातीच्या संघात घातलं, कोणाला मिश्र संघात. खेळ संपल्यावर पाहिलं, कोण कोणाशी मैत्री करतं, कोण कोणाशी व्यवहार करतं. मिश्र संघात सोबत खेळलेल्यांच्या इतर जातींतल्या मैत्री वाढल्या. पण दुसऱ्या जातीचे लोक समोरच्या संघात असले, की परिणाम बहुतेक उलटा. मैदान तेच, चेंडू तोच, माणसांमधलं अंतरही तेच बावीस यार्ड. फरक होता तो कोणासोबत धावलात, एवढाच.

हे वाचल्यावर मला आमच्या रविवारच्या टर्फ क्रिकेटची आठवण झाली. ते दोघं ग्रुपमधून गेले, तरी खेळायला यायचे थांबले नव्हते. मात्र कधी ठरवलं नसताना दोघं नेहमी समोरासमोरच्या संघात. टीम पाडायचं काम माझ्याकडे असतं, कारण मी दोन्हीकडे बिनकामाचा. पुढच्या रविवारी मी दोघांना एका संघात टाकलं आणि ओपनिंगला पाठवलं. कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या ओव्हरला झेरॉक्सवाला चेंडू पॉइंटला ढकलून 'रन' म्हणाला आणि लगेच 'नो' म्हणाला. बँकवाल्याला पहिलाच शब्द ऐकू आला. तो अर्ध्या पिचवर उभा, बेल्स खाली. त्यानंतर सामना संपेपर्यंत आणि मग मिसळ खाताना अर्धा तास दोघं कडाकडा भांडले, 'नो' आधी की 'रन' आधी यावर. रात्री ग्रुपवर दोघांपैकी एकाची रिक्वेस्ट आली होती. मी घेतलं. आल्या आल्या त्याने पहिला मेसेज टाकला: व्हिडिओ कोणी काढला होता का, त्या गाढवाला दाखवायचाय.