मोटार उभी राहते, बस निघून जाते

रेल्वे स्टेशनपर्यंत माणसं आणायची कशी: वाहनतळ बांधून की बस आणून? आधी मोटार घेऊ. स्टेशनबाहेर एक मोटार उभी करायला किती जागा लागते? पांढऱ्या पट्ट्यांमधला चौकोन मोजला तर अडीच मीटर गुणिले पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण मोटार काही वरून अलगद त्या चौकोनात उतरत नाही. तिला आत यायला वाट हवी, वळायला हवी, मागे घ्यायला हवी. हे सगळं धरलं की एका मोटारीमागे 25 ते 30 चौरस मीटर जातात, आणि एका हेक्टरात साधारण 370 मोटारी मावतात. कामावर निघालेल्या मोटारीत बहुतेक वेळा एकटा चालकच असतो. दहा मोटारींमागे एखादा जास्तीचा माणूस धरू. तेव्हा एका हेक्टरातून रेल्वेला मिळतात जेमतेम 400 प्रवासी. ते सगळे एकाच उपनगरी गाडीत चढले तरी तिचे तीन-चार डबेच भरतील.

(मराठीत ‘गाडी’ म्हणजे मोटारही आणि ट्रेनही. गोंधळ नको म्हणून या लेखात गाडी फक्त रुळांवरची. रस्त्यावरची ती मोटार.)

शिवाय हे 400 म्हणजे अख्ख्या दिवसाचे 400. सकाळी सातला लावलेली मोटार संध्याकाळपर्यंत जागची हलत नाही. वाहनतळ साडेसातला भरला की दहाला निघणाऱ्यासाठी, दुपारी दवाखान्यात जाणाऱ्यासाठी, दुसऱ्या पाळीच्या कामगारासाठी तो असून नसल्यासारखा. दुपारच्या गाड्या रिकाम्या धावतात आणि स्टेशनबाहेर मोटारी खचाखच, हे दृश्य अशा स्टेशनांवर रोजचं आहे.

आता बस घ्या. एका थांब्यावर दर पाच मिनिटांनी एक बस लागली आणि तिच्यातून 40 माणसं उतरली, तर तासाभरात 480 माणसं झाली. म्हणजे एक हेक्टर डांबर दिवसभरात जेवढी माणसं आणतं, त्याहून जास्त एक थांबा एका तासात आणतो. बसलाही वळायला जागा लागते. 12 मीटर लांबीच्या बसला वळताना जवळजवळ तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ हवं. पण ती जागा दिवसभर पुन्हा पुन्हा वापरली जाते. मोटारीचा चौकोन एकदा वापरला की संपला.

ही जागा नेमकी कुठली, हा खरा प्रश्न आहे. स्टेशनच्या दारापासून 200 मीटरच्या वर्तुळात साडेबारा हेक्टर जमीन असते. त्यातली पाच हेक्टर मोटारींना दिली, तर दोन हजार प्रवाशांसाठी दारातली चाळीस टक्के जमीन गेली. मग घरं, दुकानं, कचेऱ्या त्या डांबराच्या पलीकडे सरकतात, आणि पायी येणाऱ्याला रोज तेवढं जास्त चालावं लागतं. माणूस स्टेशनपर्यंत दहा मिनिटं चालायला सहसा कुरकुर करत नाही. दहा मिनिटांत 800 मीटर होतात. त्यातली दोन-तीनशे मीटर उन्हातान्हात उभ्या मोटारींच्या रांगांमधून काढायची असतील, तर उरलेल्या पाचशे मीटरच्या आत किती घरं मावणार?

इतकं सरळ गणित असताना जगभर स्टेशनांबाहेर वाहनतळ का दिसतात? कारण बसने येणाऱ्याला एक त्रास सोसावा लागतो जो मोटारवाल्याला नसतो: वाट पाहणं.

दर दहा मिनिटांनी बस असेल तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल, असं आपण धरतो. हे खरं ठरतं ते बस घड्याळाबरहुकूम आली तरच. समजा वाहतुकीत अडकून बस पाळीपाळीने 5 आणि 15 मिनिटांच्या अंतराने येऊ लागल्या. सरासरी अंतर अजूनही दहाच. पण तुम्ही थांब्यावर पोचता तो क्षण लांबच्या, 15 मिनिटांच्या अंतरात सापडण्याची शक्यता तिप्पट, कारण घड्याळातली जास्त मिनिटं त्या अंतराने व्यापलेली असतात. हिशेब केला तर सरासरी थांबणं सव्वासहा मिनिटांवर जातं. ‘मी आलो की नेमकी बस उशिरा’ ही तक्रार म्हणजे निव्वळ कुरकुर नव्हे, ते संख्याशास्त्र आहे. त्यात भर म्हणजे थांब्यावरचं एक मिनिट माणसाला बसमध्ये बसून काढलेल्या मिनिटाच्या जवळपास दुप्पट वाटतं. वाहतुकीचे अभ्यासक आपल्या हिशेबात तसंच धरतात.

यावर स्वित्झर्लंडने शोधलेला उपाय मला फार आवडतो, कारण त्यात कोणतंही नवं यंत्र नाही. तिथे 1982 पासून देशभर गाड्या ठरलेल्या अंतराने, दर तासाला त्याच मिनिटाला सुटू लागल्या. 1987 मध्ये लोकांनी सार्वमताने ‘बान 2000’ हा आराखडा मंजूर केला. त्यातली कल्पना अशी: मोठ्या स्टेशनांवर सगळ्या गाड्या थोड्या मिनिटांच्या फरकाने एकत्र याव्यात, प्रवाशांची अदलाबदल व्हावी आणि सगळ्या पुन्हा निघाव्यात. बसही त्याच तालावर. गाडीच्या थोडी आधी बस येते, गाडी गेल्यावर थोड्या वेळाने निघते. यासाठी दोन मोठ्या स्टेशनांमधला प्रवास तासाच्या किंचित आत बसवावा लागतो. म्हणून झुरिच आणि बर्न यांच्यामध्ये नवा मार्ग टाकला आणि डिसेंबर 2004 मध्ये तो प्रवास 56 मिनिटांवर आणला. त्याहून वेगवान गाडी पळवण्याचा हट्ट धरला नाही. लवकर पोचून पुढच्या बससाठी ताटकळायचं असेल तर त्या वेगाचा उपयोग काय?

आता या सगळ्यातल्या मला सर्वात महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येतो. हर्बर्ट मोरिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1972 मध्ये बसच्या अर्थकारणातली एक गंमत दाखवली. एका मार्गावर तासाला दोन बस आहेत. प्रवासी वाढले म्हणून चार कराव्या लागल्या. दोन बसमधलं अंतर अर्ध्या तासावरून पंधरा मिनिटांवर आलं. म्हणजे नव्या प्रवाशांनी जुन्यांचा वेळ वाचवला! बस चालवण्याचा खर्च आणि लोकांच्या वेळाची किंमत एकत्र मांडली, तर सगळ्यांत फायदेशीर फेऱ्यांची संख्या प्रवासीसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. चौपट प्रवासी, दुप्पट फेऱ्या, निम्मं थांबणं. गर्दी वाढली की सेवा सुधारते, अशी उदाहरणं आपल्या रोजच्या जगात थोडी.

वाहनतळाचं बरोबर उलटं. तिथे प्रत्येक नवा येणारा आधीच्यांची अडचण करतो. जागा शोधत फिरणं वाढतं, लोक आणखी लवकर घर सोडू लागतात, आणि पावणेआठचा माणूस सव्वासातला येऊ लागतो. त्यातून तो येतो कुठून? प्रत्येक वेळी महामार्गावरून मोटार सोडून आलेला असतो, असं नाही. वाहतुकीचे अभ्यासक ग्रॅहम पार्कहर्स्ट यांनी 1995 मध्ये ऑक्सफर्ड आणि यॉर्क या ब्रिटिश शहरांच्या वेशीवरच्या वाहनतळांबद्दल हीच शंका मांडली: त्यांमुळे मोटारींची वर्दळ उलट वाढत तर नाही ना? त्या वाहनतळांपुढचा प्रवास बसचा होता. पण जुलियानो मिंगार्दो यांनी 2013 मध्ये रॉटरडॅम आणि हेग इथल्या रेल्वेलगतच्या वाहनतळांचा अभ्यास केला, तेव्हा तिथेही तेच दिसलं. तिथे मोटार लावणाऱ्यांमध्ये आधी सगळा प्रवास सार्वजनिक वाहनांनी करणारे होते, आधी सायकलने स्टेशनवर येणारे होते.

मोरिंगचं सूत्र इथे उलटं चालवून पाहा. बसमधली काही माणसं मोटारीकडे गेली. बस रिकामी दिसू लागली, म्हणून एक फेरी कमी झाली. उरलेल्यांचं थांबणं वाढलं, त्यांतल्या ज्यांना परवडतं त्यांनी मोटार काढली. त्यांच्यासाठी वाहनतळ वाढवला. एवढ्यावरही थांबत नाही: गाडीच्या वेळेआधीच्या वीस मिनिटांत या सगळ्या मोटारी एकाच फाटकातून आत शिरतात आणि मागे अडकते ती बस. मग तिच्या फेऱ्यांमधलं अंतर 5 आणि 15 असं विस्कटतं. वाहनतळ बसची नुसती जागाच घेत नाही, तिचे प्रवासीही घेतो आणि तिची वेळही बिघडवतो.

हवेचा हिशेब थोडक्यात सांगतो. मोटारीच्या धुरातली विषारी द्रव्यं मोडणारा उत्प्रेरक अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसला तापल्याशिवाय नीट काम करत नाही. थंड इंजिन सुरू करून तीन किलोमीटरवरच्या स्टेशनला जाणं म्हणजे प्रवासातला सगळ्यात घाण भाग तेवढा करणं. तीस किलोमीटरपैकी सत्तावीस वाचवले म्हणून नव्वद टक्के प्रदूषण वाचलं, असं होत नाही. विजेच्या मोटारीला हा दोष लागू नाही. तिला जागा मात्र तेवढीच लागते.

‘आमची वस्ती विरळ आहे, इथे बस कशी चालेल?’ हा आक्षेप नेहमीचा, आणि त्यात तथ्यही आहे. पण त्याची मर्यादा टोरांटोत दिसते, कारण तिथे एकाच महानगरात दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी चालू आहेत. 1954 मध्ये सुरू झालेल्या भुयारी रेल्वेच्या कित्येक स्टेशनांत बस थेट तिकिटाच्या फाटकाच्या आत येऊन थांबते. उतरायचं, जिना उतरायचा, फलाट. प्रशस्त अंगणांच्या उपनगरांतूनही तिथे सरळ रस्त्यांवर बस वारंवार धावतात. त्याच शहराभोवतीची ‘गो’ ही उपनगरी रेल्वे 1967 मध्ये सुरू झाली आणि तिने मोटारीचा मार्ग धरला. आज तिच्या स्टेशनांवर 70 हजारांहून जास्त मोटारींची सोय आहे. तिच्या 12 डब्यांच्या एका दुमजली गाडीत सुमारे 1,900 जण बसू शकतात. तेवढी एक गाडी वाहनतळातून भरायची तर जवळजवळ पाच हेक्टर हवेत. दहा मिनिटांनी पुढची गाडी सोडायची असेल तर आणखी पाच.

ऑस्ट्रेलियातलं पर्थ तर टोरांटोहून विरळ. तिथे डिसेंबर 2007 मध्ये मांडुरापर्यंतचा सुमारे 70 किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. त्याचा बराच भाग महामार्गाच्या मधून जातो, म्हणजे स्टेशनच्या दोन्ही अंगांना आधी भरधाव मोटारी आणि मग वस्ती. चालत येणारे फारसे मिळणार नाहीत हे उघड होतं. म्हणून मोठी स्टेशनं बसच्या अदलाबदलीची ठिकाणं म्हणूनच बांधली. वाहनतळही दिले, पण बसला दारात आणून.

वाहनतळ कुठेच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. मार्गाच्या शेवटच्या स्टेशनापलीकडे विखुरलेल्या वाड्या-वस्त्यांत बस खरोखरच चालत नाही. अपंग प्रवाशाला दाराशी जागा हवीच. मध्यरात्री पाळी संपणाऱ्याला बसचं वेळापत्रक दाखवण्यात अर्थ नाही. प्रश्न असतो तो फुकट जागेचा. वाहनतळांच्या अर्थकारणाचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर हेच सांगितलं: जागेचं भाडं असं ठेवा की सातातली एखादी नेहमी रिकामी सापडेल. मग दहाला येणाऱ्यालाही जागा मिळते, आणि ज्याच्या घरावरून बस जाते तो आपणहून बसकडे वळतो.

आणि अडीच-तीन किलोमीटरवाल्यांसाठी सायकल आहेच. पायी दहा मिनिटांच्या वर्तुळात दोन चौरस किलोमीटर येतात. सायकलने तीन किलोमीटर धरले तर अठ्ठावीस. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त स्टेशनखाली 2019 मध्ये पूर्ण झालेल्या सायकलतळात साडेबारा हजार सायकली राहतात. तेवढ्या मोटारींना तीस हेक्टरांहून जास्त जागा लागली असती.

मग निर्णय चुकतात कुठे? बहुतेकदा हिशेबाच्या वहीत. वाहनतळ हा एकदाचा भांडवली खर्च. त्याला अनुदान मिळतं, फीत कापता येते, आणि नंतर डांबराला पगार द्यावा लागत नाही. बसला दर महिन्याला चालक, इंधन, दुरुस्ती. त्यातून जमीन रेल्वेची आणि बस दुसऱ्याच संस्थेची. बसने आणलेला प्रवासी रेल्वेच्या खात्यात मोजला जातो, त्याला आणायचा खर्च मात्र दुसऱ्याच्या खात्यात पडतो. अशा वेळी काटछाट करायची म्हटली की नजर जाते रात्रीच्या शेवटच्या फेरीवर. साडेदहाची बस, आत तीन माणसं, तोटा स्पष्ट दिसतो.

पण सकाळी घरातून निघताना माणूस परतीचा विचार करूनच निघतो. आज उशीर झाला तर? महिन्यातून दोनदाच होत असेल, पण त्या दोन रात्रींच्या धास्तीने तो रोज सकाळी मोटारीची किल्ली उचलतो. साडेदहाची बस असेल तर त्याच्यासारखे अनेक जण सकाळी आठची बस पकडतात आणि संध्याकाळी सहाच्या बसने घरी येतात. साडेदहाच्या बसमध्ये ते कधीच दिसत नाहीत. ती बंद केल्यावर आठच्या बसमधून ते कमी होतात, आणि कारण शोधणारा आठच्या बसमध्येच शोधत राहतो.