तिसऱ्या मागाचा प्रश्न

मुंबईच्या कापडगिरण्यांत साचेवाल्याकडे, म्हणजे विणकराकडे, दोन माग असत. लँकेशायरचा विणकर साधारण चार माग सांभाळी. १९२६-२७ मध्ये टॅरिफ बोर्डाने, म्हणजे आयातशुल्काच्या सरकारी मंडळाने, कापडधंद्याची चौकशी केली तेव्हा हा फरक आकड्यांत मांडला गेला, आणि जपानी स्पर्धेने हैराण झालेल्या काही गिरण्यांनी त्यातून सरळ उत्तर काढले: विणकराला तीन माग द्या, सूत कातणाऱ्या रिंग खात्यातल्या कामगाराला यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू द्या. ससून गटाच्या गिरण्या यात पुढे होत्या. कागदावरचे नाव ‘कार्यक्षमता योजना’. आज कंपन्यांत ज्याला बदलाचे व्यवस्थापन म्हणतात, त्याची आपल्याकडची पार्श्वभूमी पाहायची तर इथूनच सुरुवात करावी लागते.

तिसरा माग द्यायचा की नाही, हे विणकराच्या मेहनतीपेक्षा सुतावर ठरते. उदाहरणादाखल हिशेब करू. साध्या मागावर धोट्यातली, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्यातली, सुताची कांडी संपली की माग थांबवून ती बदलावी लागते. समजा तासाला दहा कांड्या, प्रत्येकी अर्धा मिनिट, म्हणजे पाच मिनिटे. सूत चांगले असेल तर तासाला सहा वेळा तार तुटेल; जोडायला दीड मिनिट धरले तर नऊ मिनिटे. एका मागामागे चौदा मिनिटे काम, तीन मागांचे बेचाळीस. जमते. आता आखूड धाग्याच्या हलक्या कापसाचे सूत घ्या. तार तासाला बारा वेळा तुटली की एका मागाचे काम तेवीस मिनिटांवर जाते. दोन मागांचे सेहेचाळीस, तिनांचे एकोणसत्तर. तासात साठच मिनिटे असतात, त्यामुळे एखादा माग सतत थांबलेला राहणार. विणकराची मजुरी नगावर, म्हणजे थांबलेल्या मागाचा भुर्दंड त्याच्याच खिशाला. हलका कापूस वापरायचा निर्णय गिरणीचा, परिणाम मात्र साचेवाल्याचा. तीन माग घेणाऱ्याची एकूण मजुरी वाढे, पण कामाच्या प्रमाणात नव्हे. आणि जिथे तिघांचे काम दोघांत बसवायचे, तिथे तिसरा कुठे जाणार याचे उत्तर योजनेत नव्हते.

एप्रिल १९२८ मध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालला. ना. म. जोशी, डांगे, निंबकर, आळवे असे वेगवेगळ्या विचारांचे कामगार पुढारी एका संयुक्त संप समितीत आले आणि सतरा मागण्या पुढे झाल्या. न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीकडे प्रश्न सोपवल्यावरच गिरण्या सुरू झाल्या. हा संप नुसता लाल बावट्याच्या इतिहासातला टप्पा म्हणून सांगितला जातो. कामाची रचना बदलण्याच्या इतिहासातही त्याला तेवढीच जागा द्यायला हवी, कारण कामाचा भार, मजुरी आणि नोकरी हे तिन्ही धागे तिथे एकाच वेळी तुटले.

याच काळात डॉ. आंबेडकरांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि विटाळाचे निमित्त तिथे उभे राही. सर्वांत जास्त मजुरीचे खाते त्यामुळे बंद. ‘कामगारांचा सहभाग’ असे म्हणताना कोणते कामगार, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता.

बदलाला होणारा विरोध मोजून पाहण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न अमेरिकेत झाला, तोही कपड्याच्याच धंद्यात. व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन गावी हारवूड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन तिथे १९३९ पासून सल्ला देत होते. ‘वितळवणे, हलवणे, पुन्हा गोठवणे’ ही बदल घडवण्याच्या तीन पायऱ्यांची मांडणी त्यांचीच, १९४७ सालची. त्याच कारखान्यात लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी केलेला प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

तिथली अडचण अशी होती. एका कामात तासाला ६० नगांचा दर्जा गाठलेल्या बाईला दुसऱ्या कामावर हलवले की ती मागे पडे. हलवलेल्यांपैकी फक्त ३८ टक्के पुन्हा ६० वर पोचत. बाकीच्या कायमच्या मागे राहत किंवा नोकरी सोडत. नव्याने भरती झालेली मुलगी त्यांच्यापेक्षा लवकर शिके. म्हणजे अडचण हाताच्या सवयीची नव्हती.

प्रयोगातले बदल किरकोळ होते. इस्त्री करणाऱ्या १८ जणींनी अर्धा डझन कपडे पुठ्ठ्यावर रचण्याऐवजी खोक्यात रचायचे. घडी घालणाऱ्या १३ जणींच्या कामात आधी विजारी घडी घातलेल्या येत, आता त्या उघड्या येणार. तपासणाऱ्यांचे दोन गट होते, ८ आणि ७ जणींचे. त्यांनी सगळे धागे कापण्याऐवजी ठरावीकच काढायचे. इस्त्रीवाल्यांना सभेत बदल समजावला, नगामागचा नवा दर सांगितला, शंकांची उत्तरे दिली. बहुतेक कंपन्या आजही एवढेच करतात. घडीवाल्यांपुढे दोन सारखे दिसणारे कपडे ठेवले; एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट होती. फरक ओळखता येईना, तेव्हा खर्च कमी करण्याची गरज त्यांनाच पटली, आणि त्यांनी आपल्यातल्या काही जणी नव्या पद्धतीची आखणी व वेळमापन करायला निवडल्या. तपासणाऱ्यांच्या गटांत तर सगळ्याच जणी आखणीत बसल्या.

इस्त्रीवाल्यांचे काम घसरले ते वर आलेच नाही. चाळीस दिवसांत १७ टक्के जणींनी नोकरी सोडली. दर कमी असल्याच्या तक्रारी झाल्या. तपासला तर दर उलट थोडा सैलच निघाला. घडीवाल्या चौदा दिवसांत ६१ वर पोचल्या. सर्वांनी भाग घेतलेले दोन गट झपाट्याने सावरले आणि पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्के पुढे गेले. सर्वांत बोलका भाग पुढचा आहे. अडीच महिन्यांनी इस्त्रीवाल्यांतल्या उरलेल्या १३ जणींना दुसऱ्या नव्या कामावर हलवले, या वेळी पूर्ण सहभागाने, आणि त्याच बायका लवकर सावरल्या. गट लहान होते, कामे सारखी नव्हती, हे आक्षेप रास्त आहेत. पण त्याच तेरा जणींचे दोन वेळा वेगळे वागणे मला अजून कुणी खोडून दाखवलेले दिसले नाही.

आपल्याकडे याच्या तोडीचे काम अहमदाबादला झाले आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत ते आपणच कमी सांगतो. लंडनच्या टॅव्हिस्टॉक या सामाजिक संशोधन संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये कॅलिको मिलमध्ये आले. गौतम साराभाई अध्यक्ष होते. आधीच्या वर्षी त्याच कंपनीच्या ज्युबिली मिलच्या एका खात्यात ऑटोमॅटिक, म्हणजे कांडी आपोआप बदलणारे, माग बसवले होते आणि उत्पादन अपेक्षेइतके येत नव्हते. २२४ मागांवर २९ कामगार होते, पण त्यांच्यात कामांचे बारा प्रकार होते. आठ विणकर, प्रत्येकाकडे २४ किंवा ३२ माग. पाच जण मागाच्या बॅटरीत, म्हणजे कांड्यांच्या साठ्यात, कांड्या भरणारे, प्रत्येकी ४० ते ५० माग. तीन जण एकदम बऱ्याच तारा तुटल्या की जोडणारे, प्रत्येकी ६० ते ८० माग. शिवाय नवी बीम (उभ्या ताण्याचे मोठे रीळ) चढवणारे, कापड उचलणारे, जॉबर (मुकादम), त्यांचे मदतनीस, तेलवाला, झाडूवाला वगैरे.

नेमके काय चुकत होते ते या आकड्यांतच आहे. एका विणकराच्या वाट्याला पाच अष्टमांश कांडीवाला आणि तीन अष्टमांश तारजोड्या येई. त्याचा माग थांबला तर तारजोड्या कुणाच्या तरी दुसऱ्या मागावर असे. कोण कुणाच्या हाताखाली, हे कुणालाच ठाऊक नव्हते. जो तो वरच्या साहेबाकडे जाई. वेळमापन करून प्रत्येकाला पूर्ण काम दिले होते, आणि तरी एकत्र काम होत नव्हते, कारण कामाचा अभ्यास माणसागणिक झाला होता आणि माग मात्र सगळ्यांच्या हातून चालत होता.

राइस यांनी एका गटाकडे ठरावीक माग पूर्णपणे सोपवण्याची कल्पना मांडली. खात्यातल्या कामगारांनी ती लगेच उचलली आणि गट स्वतःच पाडले. सात जणांकडे ६४ माग, कामांचे बारा प्रकार मोडून तीन दर्जे, आणि गटातलाच एक जण पुढारी. सुरुवात सरळ गेली नाही. माग चालते ठेवण्याच्या भरात देखभाल मागे पडली, खराब कापड वाढले, आणि घडी पुन्हा बसवावी लागली. ती बसल्यावर कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ वर गेली आणि खराब कापड सुमारे ३२ टक्क्यांवरून २० वर आले. माग तेच होते. पहिल्या काही आठवड्यांतली घसरण पाहून प्रयोग गुंडाळला असता तर हे कधी दिसलेच नसते. अशा प्रयोगांना घाईने नापास करण्याची चूक आजही सगळीकडे होते.

टॅव्हिस्टॉकचे एरिक मिलर यांनी १९७० मध्ये परत येऊन पाहिले, तेव्हा ऑटोमॅटिक खात्यातली गटपद्धत टिकून होती. नंतर ज्या खात्यांत ती पसरवली तिथे मात्र ती झिजली होती. कापडाचे प्रकार वारंवार बदलू लागले, माल वेळेवर मिळेना, आणि अडचण आली की वरचे अधिकारी गटाला बाजूला सारून थेट हुकूम देऊ लागले.

दरम्यान कायदाही मुंबईच्या अनुभवावरून शिकत होता. औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ मध्ये कलम ९-अ आले: ठरावीक सेवाशर्तींत बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस. त्या यादीत कामगारकपात होऊ शकेल असे यंत्रातले किंवा तंत्रातले सुधार स्पष्टपणे घातले होते. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने अभिनवीकरणासाठी (यंत्रे व कामाची रचना बदलून खर्च कमी करण्यासाठी) तीन अटी मान्य केल्या: असलेल्या कामगारांची कपात किंवा उत्पन्नात घट नको, फायद्याची न्याय्य वाटणी व्हावी, आणि कामाचा भार दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तज्ज्ञाने मोजावा. तिसऱ्या मागाच्या भांडणाचे हे तीन तुकडेच आहेत, एकोणतीस वर्षांनी कागदावर आलेले.

कामगाराकडून कल्पना मागवण्याची परंपरा वेगळ्या वाटेने आली. स्कॉटलंडच्या डम्बार्टन इथल्या डेनी जहाजबांधणी कंपनीने १८८० मध्ये कामगारांच्या सुधारणांना बक्षिसे सुरू केली. अमेरिकेत ईस्टमन कोडॅकची योजना १८९८ ची. पेटी, चिठ्ठी, बक्षीस. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने याला शिस्त दिली. मुकादम आणि फोरमन यांच्यासाठी प्रत्येकी दहा तासांचे तीन अभ्यासक्रम काढले. सोळा लाखांवर लोक त्यातून गेले. त्यातल्या कामसुधारणेच्या अभ्यासक्रमाच्या चार पायऱ्या अशा: कामाचे बारीक तुकडे पाडून लिहा, प्रत्येक तुकड्याला ‘हे का, कशासाठी, कुठे, केव्हा, कुणी, कसे’ विचारा, मग तुकडे काढून टाका, जोडा, क्रम बदला, सोपे करा, शेवटी वरिष्ठांना आणि काम करणाऱ्यांना पटवा, आणि ज्याची कल्पना त्याचे नाव लावा. क्रम महत्त्वाचा. जो तुकडा काढून टाकता येतो तो आधी सोपा करत बसणे, ही कायझेनच्या, म्हणजे छोट्या छोट्या सुधारणांच्या जपानी पद्धतीच्या, शीटवर सर्वाधिक दिसणारी चूक आहे.

युद्धानंतर हे अभ्यासक्रम जपानला पोचले. टोयोटाने १९५१ मध्ये आपली सूचना योजना सुरू केली, फोर्डच्या कारखान्यात पाहून आल्यावर. त्याच्या आदल्या वर्षी टोयोटात मोठा संप झाला होता, सुमारे दोन हजार लोक कमी झाले होते आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी राजीनामा दिला होता. पुढे १९६२ मध्ये कंपनी आणि कामगार संघटना यांनी संयुक्त जाहीरनामा काढला. सूचनांचा पूर आला तो या पार्श्वभूमीवर. आपण पेटी आणि तक्ता उचलला, नोकरीची हमी मागे राहिली.

त्याच १९६२ साली काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने जपानमध्ये क्वालिटी सर्कल, म्हणजे आपल्या कामातले प्रश्न सोडवणारे कामगारांचे छोटे गट, सुरू झाली. अमेरिकेत विमाने बनवणाऱ्या लॉकहीडने १९७४ मध्ये ती आणली. दहा-बारा वर्षांत लाट ओसरली. भारतात १९८० मध्ये हैदराबादजवळच्या रामचंद्रपुरमच्या भेल कारखान्यात एस. आर. उडपा यांनी सुरुवात केली आणि १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया स्थापन झाला. पुणे, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत सर्कल आणि कायझेन हे शब्द आता मराठीच झाले आहेत.

सर्कल चालते ते एकाच कामाच्या जागेवरच्या सहा ते दहा जणांचे, आठवड्याला तासभर, कामाच्या वेळेत. बंद पडते ते ओळखीच्या कारणांनी. दरडोई दरमहा कायझेनचा आकडा ठरला की लोक जुनी शीट रंग बदलून भरतात. मधल्या सुपरवायझरला आधी सांगितलेले नसते, म्हणून तो मंजुरीची कागदे दाबून ठेवतो; त्याच्या अधिकारात ठरावीक रकमेपर्यंतची मंजुरी दिली तर हा अडसर बराच सुटतो. चांगले सर्कल स्पर्धांच्या सादरीकरणात अडकते आणि जागेवरचे प्रश्न पडून राहतात. नाकारलेल्या सूचनेला कारण लिहून परत पाठवत नाहीत, आणि उत्तर न आलेला माणूस दुसऱ्यांदा लिहीत नाही. बचतीच्या रकान्यात ‘एक माणूस कमी’ असे लिहिले जाते, पण तो माणूस कोणत्या कामावर गेला याचा रकाना बहुतेक छापील शीटवर नसतोच. १९२८ मध्ये साचेखात्याने हेच विचारले होते.