शस्त्रक्रियोत्तर वेदनेचे वस्तुनिष्ठ मापन

शस्त्रक्रियेनंतरची वेदना रुग्णाच्या सांगण्यावर न विसंबता त्याच्या वर्तनावरून किंवा शरीरातील बदलांवरून अजमावण्याच्या पद्धती. वेदना हा अनुभव असल्यामुळे ती तापासारखी थेट मोजता येत नाही. या पद्धती मोजतात तो इजेला शरीराने दिलेला प्रतिसाद. म्हणून बोलू शकणाऱ्या रुग्णाने ० ते १० मध्ये सांगितलेला आकडाच प्रमाण मानतात आणि यंत्राशी तो जुळला नाही तर रुग्णाचे खरे धरतात. वस्तुनिष्ठ मापनाची खरी गरज असते ती तान्ही मुले, कृत्रिम श्वसनावरचे रुग्ण आणि भान हरपलेले वृद्ध यांच्यासाठी.

लहान मुलांसाठी १९९७ पासून ‘फ्लॅक’ मापनश्रेणी वापरात आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. जागे मूल काही मिनिटे, झोपलेले त्याहून अधिक वेळ पाहायचे, तेही पांघरूण काढून. पाय पोटाशी घेतलेले चादरीखाली दिसत नाहीत. भुकेने किंवा आई दिसत नाही म्हणून रडणाऱ्या मुलालाही इथे भरपूर गुण मिळतात, हे विसरू नये.

अतिदक्षता विभागात ‘सीपॉट’ ही ० ते ८ गुणांची श्रेणी चालते. चेहरा, अंगाची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणे (नळी नसल्यास आवाज) या तिच्या चार बाबी. आधी १ मिनिट विश्रांतीत निरीक्षण करायचे, मग कुशीवर वळवताना. हात वाकवून ताठरपणा तपासायचा तो सर्वांत शेवटी, कारण स्पर्शानेच रुग्ण दचकतो आणि बाकीचे गुण बिघडतात. ३ किंवा अधिक गुण आले की वेदना आहे असे धरतात. स्नायू शिथिल करणारे औषध चालू असेल तर मात्र ही श्रेणी वापरूच नये: कपाळावर आठी न दिसण्याचे कारण औषध असते, आराम नव्हे.

यंत्रांपैकी बहुतेक अनुकंपी चेतासंस्थेची (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या नसांची) हालचाल टिपतात. ‘सर्जिकल प्लेथ इंडेक्स’ बोटावरच्या पल्स ऑक्सिमीटरच्या लहरीची उंची आणि ठोक्यांमधील अंतर यांवरून ० ते १०० आकडा काढतो. तो जितका जास्त तितका ताण अधिक. ‘एएनआय’ (ॲनाल्जेसिया नोसिसेप्शन इंडेक्स) हृदयगतीच्या श्वासाबरोबर होणाऱ्या चढउतारावर चालतो आणि तिथे गणित उलटे: आकडा कमी म्हणजे त्रास जास्त. परिचारिकांची पाळी बदलताना याची नोंद नीट न दिल्यास अनर्थ होऊ शकतो. याशिवाय तळव्यावरील घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता आणि डोळ्याच्या बाहुलीचे विस्फारणे हेही मोजतात; अफूजन्य औषधांनी बाहुली मुळातच आकसते, तेव्हा तिचा एकच आकडा पुरेसा नसतो.

या यंत्रांचा भर भूल दिलेल्या अवस्थेवर आहे. रुग्ण जागा झाला की भीती, मळमळ, हुडहुडी, ताप, तुंबलेले मूत्राशय या सगळ्यांनीच आकडा वेदना असल्यासारखा बदलतो. गार पडलेल्या बोटांवर प्लेथची लहर बारीक येते. ॲट्रोपीन हे औषध घामावर आणि नाडीवर परिणाम करते. बीटा-ब्लॉकर या हृदयगती कमी करणाऱ्या औषधांमुळे नाडी फारशी वाढत नाही. अनियमित ठोके किंवा पेसमेकर असेल तर हृदयगतीवर आधारलेला निर्देशांक बाद समजावा.

विश्रांतीत घेतलेले मापन अर्धवटच. पोटावर किंवा छातीवर शस्त्रक्रिया झालेला रुग्ण निश्चल पडून शांत दिसतो, पण खोल श्वास घेऊन खोकायला सांगताच श्वास मध्येच अडकतो. तो खोकू शकतो का, कुशीवर वळू शकतो का, ही नोंद फुप्फुसाच्या तळाशी कफ साचण्याचा धोका सांगते, म्हणून अनुभवी परिचारिका तिला गुणांइतकेच वजन देतात. रुग्ण स्वतः बटण दाबून मॉर्फिन घेत असेल, तर किती वेळा मागितले आणि किती वेळा मिळाले यांचा मेळही तपासतात.

शिरेतून वेदनाशामक दिल्यावर साधारण १५ ते ३० मिनिटांनी आणि तोंडावाटे दिल्यावर सुमारे तासाभराने पुन्हा मोजतात. त्याच वेळी गुंगी आणि श्वसनाचा वेग लिहितात, कारण गुण खाली येण्याचे कारण अतिमात्राही असू शकते. उतरणीला लागलेली वेदना एकाएकी उसळली, तर मात्रा वाढवण्यापूर्वी रक्तस्राव, आतड्याच्या जोडणीतील गळती किंवा प्लॅस्टरखालच्या स्नायूंवर वाढलेला दाब पाहावा.