उतरवलेलं घर आणि पाडलेलं घर

बांधकामाच्या राडारोड्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये पहिल्यांदा स्वतंत्र नियम केले. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन खरमाती काढणाऱ्याने काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा असे चार ढीग वेगळे करून द्यायचे, असं त्यात होतं. कोल्हापूरच्या जुन्या पेठांमध्ये वाढलेल्या माणसाला हे वाचून गंमत वाटते. आमच्याकडे घर उतरवताना ढीग वेगळेच पडायचे, आणि ते सांगायला कुणी अधिकारी यावा लागत नसे.

‘उतरवणं’ हा शब्द महत्त्वाचा. घर पाडत नसत, उतरवत. आधी कौलं, मग रिपा आणि वासे, मग आढं, तुळया, खांब, शेवटी चौकटी आणि दगड. ज्या क्रमाने घर चढलं त्याच्या उलट क्रमाने ते खाली यायचं. हे जमायचं, कारण ते घर तसंच बांधलेलं असे. खांब-तुळई कुसू (लाकडाचं बारीक केलेलं टोक) आणि खाच करून बसवलेली, खिळा क्वचित. भिंत मातीत किंवा चुन्यात रचलेली. चुना दगडाला धरतो, पण दगडाहून नरम राहतो. पहारीने सांधा सुटतो, दगड शाबूत निघतो. वीटही झटकली की पुन्हा रचायला तयार. घराचं मोजमाप खणांत, म्हणजे दोन तुळयांमधल्या अंतरात, होत असल्याने पाचखणी घराच्या तुळया दुसऱ्या घराला साधारण लागू पडायच्या. जुन्या सोप्याच्या, म्हणजे ओसरीच्या, खांबाला मध्येच, काही कारण नसताना, एखादी रिकामी खाच दिसते. ती त्याच्या आधीच्या घराची. माझ्या आजोळी अशा दोन खाचांत आम्ही पोरं गोट्या लपवायचो.

याच्याही मागे जायचं तर गावाच्या पांढरीपर्यंत जावं लागतं. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची मातीची घरं त्याच जागी बसत गेली, राख-शेण त्यात मुरत गेलं आणि टेकाड तयार झालं. नव्या भिंतीला माती हवी तर लोक तीच खणत. म्हणजे आजोबाची भिंत नातवाच्या भिंतीत. पांढरीची माती खत म्हणूनही शेतात गेली आणि पुराव्यांसह गेली, हा पुरातत्त्ववाल्यांचा जुना सल आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळातल्या विटांच्या घरांवर पुढच्या काळांचे थर चढलेले दिसले. याच टेकाडातला रोमन पोसायडनचा कांस्य पुतळा आज टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे.

दगडाचंही तेच. कोल्हापूरजवळच्या बीडसारख्या गावात वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांची, रेलचेल आहे. जिल्ह्यात फिरताना असा एखादा वीरगळ कुठे पायरी झालेला, कुठे धुण्याचा दगड झालेला, कुठे थेट भिंतीत बसलेला सापडतो. काही जण याला अज्ञान म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. घडीव दगड फुकट मिळत नाही. तो खाणीतून काढणं, टाकीने घडवणं आणि गाडीने आणणं यात काय जातं, हे ज्याला ठाऊक तो पडलेला दगड पडून राहू देत नाही.

रेल्वेने या व्यवहाराला नवा माल दिला. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. बासेल मिशनने मंगलोरात १८६५ मध्ये काढलेल्या कारखान्यापासून पसरत गेलेली मंगलोरी कौलं देशी नळीच्या कौलांना मागे सारत होती. नळीची कौलं दर पावसाळ्याआधी चाळावी लागत, त्यात फुटत. मंगलोरी कौल एकमेकांत अडकतं, मापाला एकसारखं, म्हणून एका घरावरून दुसऱ्या घरावर सहज जातं. लोहमार्गातून बाद झालेले लोखंडी रूळही घरांत तुळई म्हणून आले. चुन्याच्या छताला खालून रूळ दिसला की समजावं, घर आगगाडीनंतरचं.

धरणांनी मात्र हा व्यवहार सक्तीचा केला. काळम्मावाडीसारख्या धरणांत गावं गेली तेव्हा लोकांनी जमिनी सोडल्या, पण लाकडं आणि कौलं सोबत नेली. नव्या वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडला जुन्या घराची चौकट, ही तेव्हाची ओळख. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात विस्थापित कुटुंबाला वाहतुकीसाठी ५० हजार रुपये आहेत आणि काय हलवायचं त्या यादीत कुटुंब, सामान, जनावरं यांच्याबरोबर ‘बांधकाम साहित्य’ लिहिलेलं आहे. कायदा लिहिणाऱ्याला घर उतरवणं माहीत होतं म्हणायचं.

मग हे थांबलं कशाने? सरळ उत्तर सिमेंट. सिमेंटचा सांधा विटेहून कडक, त्यामुळे फोडायला गेलं की आधी वीट तुटते. काँक्रीटच्या स्लॅबचा तर सांधाच नसतो. ब्रेकर लावायचा, सळ्या भंगारात द्यायच्या, उरलेली खरमाती डंपरमध्ये. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी उरलीसुरली बाजूही फिरवली. कच्च्या विटांच्या भिंती पाण्यात विरघळल्यावर माती-चुन्याबद्दल कुणी चांगलं बोलेल कसं? पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा नदीकाठचा माणूस आरसीसीच मागणार, आणि त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

सळ्यांचं तरी बरं आहे. कोल्हापूर फौंड्रीवाल्यांचं गाव, जुन्या ग्रिलपासून नळापर्यंतचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, भट्टीत जाऊन नव्याने ओतलं जातं. पण त्याच फौंड्र्यांतून निघणारी वापरलेली वाळू टाकायची कुठे हा शिरोली-गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींचा कायमचा प्रश्न. पेव्हर ब्लॉक आणि विटांत ती घालता येते. काँक्रीटच्या खरमातीपासून केलेल्या खडीलाही भारतीय मानकाने २०१६ मध्ये दार उघडलं: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ प्रतीपर्यंतच्या आरसीसीत २० टक्के.

दरम्यान जुन्या चौकटींना वेगळंच गिऱ्हाईक मिळालं आहे. हॉटेलवाले आणि फार्महाऊसवाले त्या नेतात, पॉलिश मारतात आणि भिंतीला टेकवून ठेवतात. दार आहे, पण त्यातून कुणी जात नाही. केरळात काटकसरीची घरं बांधणारे वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांच्या पद्धतीने टाकाऊ कौलं स्लॅबमध्ये भरून काँक्रीट वाचवणारे वास्तुरचनाकार मला त्यापेक्षा प्रामाणिक वाटतात. तिथे कौल निदान कामाला लागलेलं असतं.

रंकाळा तलाव मुळात दगडाची खाण होता, तिथला दगड अंबाबाईच्या देवळाला गेला, असं पूर्वापार सांगतात. आता प्रवास उलटा आहे. शहरातून निघालेली खरमाती पूररेषेतल्या सखल जागांवर भराव म्हणून पडते आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी शेजारच्या गल्लीत चढतं.